बाबा, आज कुठं पोचलात?

डिसेंबरातला शुक्रवार, संध्याकाळचे सात. हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या रांगेत मी पाऊण तास जवळजवळ एकाच जागी उभी होते. फोन वाजला. नागपूरहून बाबा.

"अगं, एक सांगायचं होतं. जानेवारीत नवेगावबांधला जातोय."

"मस्त! आईलाही घेऊन जा. गाडी बुक करून देऊ?"

"गाडी नको. चालत जातोय. एकटा."

पुढची गाडी हलली, मागच्यानं हॉर्न मारला आणि माझं क्लचवरचं लक्ष उडालं. नागपूर ते नवेगावबांध म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. बाबा साठ वर्षांचे. सप्टेंबरात बँकेतून रिटायर झाले, तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी मिळून त्यांना सिंगापूरची टूर गिफ्ट केली होती. तिचं व्हाउचर अजून देवघराच्या ड्रॉवरमध्ये पडलंय.

त्या रात्री फॅमिली ग्रुपवर जे झालं ते तुमच्याही घरी झालं असतं. टोरोंटोहून दादानं थेट एक्सेल शीट पाठवली: रोजचे किलोमीटर, जवळचं हॉस्पिटल, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. धरमपेठेतल्या आत्यानं मला वेगळा फोन करून हळूच विचारलं, "काही टेन्शन आहे का गं त्यांना?" शांत फक्त आई होती. "चार महिने फुटाळ्याला फेऱ्या मारतायत. मला काय वाटलं, शुगर कमी करायला चाललेत! जाऊ दे त्यांना."

झोपेत गेलेला रस्ता

नवेगावबांध म्हणजे बाबांची पहिली पोस्टिंग. १९८८ साल. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच, सगळा भंडारा. गोंदिया वेगळा झाला तो १९९९ मध्ये. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. दर शनिवारी बँक अर्ध्या दिवसानं सुटली की एसटी पकडून नागपूर आणि सोमवारी पहाटे परत. दोन वर्षं हेच. आपण शुक्रवारी रात्री स्वारगेटला उभे असतो तसंच, फक्त ट्रॉली बॅग नव्हती.

"शंभर वेळा गेलो असेन, शंभर वेळा आलो असेन," बाबा म्हणाले, "आणि प्रत्येक वेळी झोपलो होतो. मौद्याला कन्हान नदी लागते, हे मला कंडक्टरच्या आवाजानं माहीत. तळ्याच्या काठी दोन वर्षं राहिलो, पण एक रविवार तिथं काढला नाही. तो रस्ता एकदा जागेपणी बघायचाय."

"मग गाडीनं बघा ना. आई पण येईल."

"गाडीत मी पुन्हा झोपेन."

यावर काय बोलणार? तरी मी शेवटचा पत्ता टाकला: निदान मित्राला तरी सोबत न्या. त्यावर ते म्हणाले, "दोघं असलो की एक दमला की दुसऱ्यानं थांबायचं, एकाला चहा हवा तर दुसऱ्यानंही प्यायचा. सदतीस वर्षं दुसऱ्याच्या घड्याळावर चाललो. आता माझा स्पीड नेमका किती आहे, ते तरी कळू दे!"

मी नेटवर शोधायला बसले. हेतू हा की असं कुणी करत नाही, हे सिद्ध करायचं. निघालं उलटंच. नर्मदा तेराशे किलोमीटरहून लांब. तिच्या दोन्ही काठांनी म्हणजे अडीच हजारांहून जास्त किलोमीटर चालणाऱ्या परिक्रमावासींमध्ये रिटायर झालेली मराठी माणसं हमखास भेटतात. आमच्या विदर्भातल्या पवनारहून विनोबा मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीकडे पायी निघाले, तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. पुढे भूदानासाठी ते तेरा वर्षं चालतच राहिले. अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या आजीबाई १९५५ मध्ये अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीनं चालल्या. वय सदुसष्ट, अकरा मुलांची आई, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. तीन हजारांहून जास्त किलोमीटर. निघताना मुलांना एवढंच सांगितलं, जरा चालून येते.

ही शेवटची गोष्ट मी बाबांना सांगितली नाही. उगाच डोक्यात कल्पना नकोत!

रात्री आठचा फोन

तह झाला. लाइव्ह लोकेशनला बाबांचा ठाम नकार. त्याऐवजी रोज रात्री आठला एक फोन. डॉक्टरकडून ईसीजी आणि गुडघे तपासून घ्यायचे, अंधारात चालायचं नाही, हायवेवर उजव्या कडेनं म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. दादाच्या शीटमधली एकच गोष्ट त्यांनी मान्य केली: ट्रॅफिक पोलिसांसारखं चमकणारं जॅकेट.

जानेवारीतल्या एका सकाळी साडेसहाला आई त्यांना पारडीच्या पुढे सोडून आली. पाठीवर सहा किलोंची सॅक, हातात काठी. दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर, दुपारी दोनच्या आत मुक्काम.

पहिले दोन दिवस फोनवर फक्त ट्रक होते. मुंबई-कोलकाता हायवे तो, प्रत्येक ट्रकचा वारा अंगावर येतो. दुसऱ्या दिवशी मौदा आणि कन्हानचा पूल. "अगं, केवढं मोठं पात्र आहे! आणि मी बाविसाव्या वर्षी यावरून घोरत गेलो." चौथ्या दिवशी भंडारा, पितळेच्या भांड्यांचं गाव. तिथून बाहेर पडताना वैनगंगा ओलांडून कारधा. पुलावर ते अर्धा तास उभे होते म्हणे. एका पोरानं बाईक थांबवून विचारलं, "काका, काही प्रॉब्लेम तर नाही ना?" पुलावर एकटा म्हातारा उभा दिसला की लोकांना दुसरंच काहीतरी वाटतं. बाबांना हसू आवरेना.

लाखनीच्या पुढे फोन लांबायला लागले. घरी 'हं' आणि 'बरं' यापलीकडे न बोलणारा हा माणूस मला धानाच्या कापलेल्या बांध्या, त्यात उगवलेली लाखोळी, मोहाच्या झाडाखालची सावली असलं काहीबाही सांगत होता. "कुठं चाललात जी?" हा प्रश्न दिवसातून वीसदा. "नवेगावबांधला" म्हटलं की पुढचा प्रश्न, "नवस आहे का?" नाही म्हटलं तर लोक गोंधळतात. तिसऱ्या दिवसापासून बाबांनी "हो, आहे" म्हणायला सुरुवात केली. मग पाणी, चहा आणि एका घरी तर जेवणही.

साकोलीच्या अलीकडच्या एका गावात त्यांना झाडीपट्टीचं नाटक सापडलं. झाडी म्हणजे हा पूर्व विदर्भाचा रानपट्टा. दिवाळीनंतर धान घरात आलं की इथं गावोगाव मंडई भरते आणि उन्हाळा लागेपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा. हजार-दोन हजार माणसं जमिनीवर बसून पहाटेपर्यंत नाटक बघतात. बाबांनीही बघितलं, तीनपर्यंत. दुसऱ्या दिवशी अकराला उठले आणि चाललेच नाहीत. "मी आज सुट्टी घेतली," आठच्या फोनवर त्यांनी जाहीर केलं. "कुणाला विचारलं नाही. अर्जही दिला नाही."

फोन आला नाही तो दिवस

नवव्या रात्री आठ वाजले, साडेआठ वाजले, फोन नाही. मी लावला तर स्विच्ड ऑफ. रात्री बारापर्यंत मी एकवीस वेळा लावला. साकोलीच्या पुढचा हायवे नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांच्या मधून जातो. दोन्ही मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालाय. एका रानातून दुसऱ्या रानात जाणारी जनावरं हाच रस्ता ओलांडतात. हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. त्या रात्री वाचलं. असलं काही रात्री दोनला वाचू नये.

सकाळी बॉसला मेसेज टाकला, पहिली फ्लाइट पकडली आणि नागपूरहून टॅक्सी केली. आई येते म्हणत होती. तिला म्हटलं, तू घरीच थांब, त्यांचा फोन घरी आला तर? लाखनीजवळ अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी बोलतोय. मोबाईल काल विहिरीवर पाण्यात पडला. पायाला फोड आला म्हणून थांबलोय. तू आठला काळजी केली असशील."

सौंदडच्या आसपासच्या एका घराच्या अंगणात बाबा बाजेवर बसले होते, पाय मिठाच्या कोमट पाण्यात. काळवंडलेले, दाढी वाढलेली. आणि मी सांगते, इतके फ्रेश मी त्यांना गेल्या दहा वर्षांत बघितले नव्हते. घरातल्या काकू म्हणाल्या, "लेक आली जी तुमची!" मग मी व्हायचं ते केलं. भरपूर रडले, मग भरपूर चिडले. टॅक्सी उभी आहे, बसा, आत्ताच्या आत्ता घरी.

बाबा काही बोलले नाहीत. काकूच म्हणाल्या, "जाऊ द्या न बाई त्यांना. पाय त्यांचेच आहेत न?"

मग बाबांनी विचारलं, "येताना वैनगंगेला पाणी किती होतं गं?"

मला सांगता येईना. नागपूरपासून तिथपर्यंत दोन-अडीच तास मी मोबाईलकडे बघत होते. कन्हान दिसली नव्हती, वैनगंगा दिसली नव्हती. बाबा नऊ दिवस ज्या रस्त्याबद्दल मला सांगत होते, त्यातलं मी काहीही पाहिलं नव्हतं. त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. पण मी गप्प झाले.

शेवटी असं ठरलं की एक दिवस आराम आणि नवा फोन. कोहमाऱ्याच्या पुढे रानाचा जो सलग पट्टा आहे, तिथं गावकऱ्यांनी पायी जाऊ नका सांगितलं होतं, तेवढं एसटीनं. बाकी चालत. आणि मी? "तू पुढे जा. तळ्यावर थांब. दोन दिवसांत पोचतो."

तळ्याकाठी दोन दिवस

अशा रीतीने लॅपटॉप, एक जोडी कपडे आणि ऑफिसचे बूट एवढ्या तयारीनिशी मी नवेगावबांधला पोचले.

तळं दिसतं ते एकदम. पाळीवर चढेपर्यंत काही अंदाज येत नाही आणि मग समोर सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी. तिन्ही बाजूंनी जंगलाचे डोंगर, मध्ये मालडोंगरी नावाचं बेट. मला हे नैसर्गिक सरोवर वाटलं होतं. नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसानं डोंगरांमधल्या जागा मातीनं बांधून काढल्या आणि पाणी अडवलं. ना सिमेंट ना मशीन. भोवतीच्या शिखरांना सातबहिणी म्हणतात. या सात बहिणींनी बांध घालायला मदत केली, अशी गोष्ट आहे. कोलू पाटलाचा पुढे देव झाला, कोलासूर. आपल्याकडे इंजिनिअर पुष्कळ, पण देवपण मिळालेला मी तरी हा एकच ऐकलाय!

कोहळी हा तळी बांधणाऱ्यांचाच समाज. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर भागात अशी हजारो तळी आहेत. मालगुजारी गेल्यावर ती झाली 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे सरकारी आणि गावच्या भाषेत 'मामा तलाव'. इथलं धान आजही या मामांच्या जिवावर पिकतं.

पहिल्या दिवशी मी पाळीवर बसून तीन कॉल घेतले. दुसऱ्या दिवशी रेंज रुसली आणि मग मी तळंच बघितलं. लांब पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा होता, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. मासे धरायला निघालेल्या ढिवर दादांना विचारलं. "वारकरी," ते म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. पण पुस्तकातलं मराठी नावही तेच आहे. टिळ्यावरून पडलंय. थंडीत इथं पट्टकादंबही येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, थेट हिमालय ओलांडून तिबेटकडून. आणि गंमत बघा, जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. दुपारी तिथं जाऊन आले. धानाच्या शेतांमध्ये एकदम प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतात. जुन्या पिढीतली माणसं १९५९ नंतर डोंगर ओलांडून देश सोडून आलेली. चालण्याचे किती प्रकार असतात! बाबांसारखी आवडीनं चालायची चैन सगळ्यांच्या नशिबात नसते.

संध्याकाळी आणखी एका रिटायर माणसाचा विचार डोक्यात आला. मारुती चितमपल्ली. बाबांच्या कपाटात त्यांची सगळी पुस्तकं आहेत. वनखात्याच्या नोकरीत चितमपल्ली इथं होते, या रानात फिरले, माधवराव पाटलांसारख्या इथल्या जाणत्या माणसाकडून रान वाचायला शिकले. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक त्यातूनच आलं. १९९० मध्ये ते रिटायर झाले आणि जून २०२५ मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी गेले. मी बोटांवर हिशेब केला. नोकरी छत्तीस वर्षं, त्यानंतरचं आयुष्य पस्तीस वर्षं. 'रानवाटा' आलं निवृत्तीनंतर, 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र निवृत्तीनंतर, सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद २००६ मध्ये, पद्मश्री २०२५ मध्ये.

पस्तीस वर्षं! आणि आम्ही बाबांच्या पुढच्या आयुष्यासाठी काय प्लॅन केलं होतं? सिंगापूर, पाच रात्री सहा दिवस.

पोचले

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास गावाच्या रस्त्यानं चमकणारं जॅकेट येताना दिसलं. थोडं लंगडत. मला धावत जावंसं वाटत होतं, पण मी पाळीवरच थांबले. त्यांचा शेवटचा अर्धा किलोमीटरही त्यांचाच होता.

ते आले, सॅक उतरवली, बूट काढले आणि पाण्याकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माझी खोली त्या तिकडं होती. खिडकीतून तळं दिसायचं. मी खिडकी लावून घ्यायचो, डासांसाठी."

मी विचारलं, "एसटीनं आलात तेवढा तुकडा सोडला तर पूर्ण चालत झालं नाही ना? वाईट वाटतंय?"

"वाघाच्या घरातून न विचारता जायचं नसतं," ते म्हणाले. "आणि मला कुठं कुणाला रिपोर्ट द्यायचाय?"

"मग काय, कळला का स्पीड?"

"कळला. तासाला साडेतीन किलोमीटर. चहा धरून तीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं निघालो. कोहमारा, सौंदड, साकोली. बाबा खिडकीशी, मी शेजारी. लाखनी येईपर्यंत ते गाढ झोपले होते. मी जागी होते. वैनगंगेचा पूल आला तेव्हा मोबाईल बॅगेत टाकला आणि बघून घेतलं. पात्र रुंद आहे, जानेवारीत मधूनमधून वाळू दिसते, पण पाणी होतं. घरी गेल्यावर त्यांना सांगितलं.

सिंगापूरचं व्हाउचर आईनं बहिणीबरोबर वापरायचं ठरवलंय. बाबांनी कपाटातून मध्य प्रदेशचा नकाशा काढलाय आणि नर्मदेच्या रेघेवर पेन्सिलीनं खुणा करत बसलेत. दादाला मी अजून सांगितलेलं नाही.

कसं जाल, कधी जाल?

नागपूरहून भंडारा-साकोली-कोहमारामार्गे रस्त्यानं साधारण तीन तास. गोंदियाहून सुमारे ६५ किलोमीटर. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं देवलगाव हे जवळचं स्टेशन. पक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये जाहीर झालं. आत पायी हिंडता येत नाही, सफारी घ्यावी लागते आणि पावसाळ्यात ती बंद असते. राहण्याची सोय आधी ठरवूनच निघा. गोंदिया जिल्ह्यात सारस क्रौंचही आहेत. दिसले तर लांबूनच बघा.

घरातलं कुणी एकटं चालायला निघालं तर

तयारी चार महिने आधी सुरू करा. तीन किलोमीटरपासून पंधरापर्यंत हळूहळू, शेवटचा महिना पाठीवर सॅक घेऊन. डॉक्टरी तपासणी टाळू नका. बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. रोज मोजे बदला आणि चालण्याआधी बोटांना व्हॅसलीन लावा. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, चार नंबर कागदावर लिहून खिशात. उजेडातच चाला. जंगलाच्या पट्ट्यात स्थानिकांचं ऐका. घरच्यांसाठी एकच सूचना: फोन दिवसातून एकदाच, आणि पहिला प्रश्न "पाय कसे आहेत?" असू नये. "आज काय बघितलंत?" असा असावा.